उसनी आत्या

आत्याची पाठ रुंद होती आणि तिला त्या पाठीचा अभिमान होता. बारशाला बाळाच्या कानात "कुर्रर्र" करून आत्या नाव सांगते, तेव्हा मागे उभ्या असलेल्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. बहुतेक आत्या नाव अर्धं सांगून पळतात. पोशीरची आमची आत्या पळत नसे. ती पाळण्यावर वाकून राही, धपाटे चवीनं घेई, आणि सरळ होताना मागे न बघता निकाल देई, "हा हात झोडणीचा हाय." भात झोडलेल्या बाईचा धपाटा वेगळा ओळखू येतो, असं तिचं मत होतं. कर्जतच्या नव्या इमारतींमधल्या बायकांविषयी ती फार बोलत नसे. "नेलपॉलिशचे हाईत," एवढंच म्हणे आणि पदर सारखा करी.

यातल्या कुठल्याही घरात ती सख्खी आत्या नव्हती. बाळाच्या बापाला बहीण नसली, किंवा असून रुसलेली असली, किंवा ती स्वतःच बाळंतपणाला माहेरी येऊन पडलेली असली, की त्या घरातून हिला बोलावणं यायचं. शेजारून शिडी आणावी तशी तिला आणत. म्हणून तिच्या माघारी सगळा गाव तिला 'उसनी आत्या' म्हणे. तिला ते माहीत होतं. "उसनी हाय म्हणून तर जपून वापरतात," ती म्हणायची. "सख्ख्या आत्यांचं बघा. साडीचा काठ बघण्यातच पोर रांगायला लागतं."

एरवी ती स्वतःच्या तुकड्यातली भेंडी आणि काकडी नेरळच्या बाजारात विकायला बसत असे. बारशाच्या दिवशी टोपलीऐवजी खांद्याला चेनची पिशवी असायची आणि पिशवीत टॉवेलात गुंडाळलेला वरवंटा. पाळण्यात बाळाआधी वरवंटा घालायचा, 'कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या' म्हणत तो पाळण्याखालून या हातातून त्या हातात द्यायचा, मग बाळ, हा क्रम. मिक्सर आल्यापासून घरोघरचे पाटे-वरवंटे अंगणात पाय धुवायच्या दगडाशेजारी गेले होते, म्हणून ती आपला घेऊन फिरे. एकदा रिक्षावाल्यानं पिशवी उचलून बघितली.

"आत्या, काय भरलंस गं यात?"

"तुझा धाकटा भाव हाय. खड्ड्यातनं हळू घे."

नावांवर तिचा राग होता, पण कामात ती तो आणत नसे. अलीकडे आईबाप मोबाइलमधून नावं काढतात. एका घरात मुलाचं नाव 'कियांश' ठरलं होतं. आत्यानं ते तीनदा म्हणून घेतलं आणि बाळाच्या बापाला विचारलं, "हे रसायनीच्या कंपनीत पिंपात भरतात तेच ना रं?" बाप हसला, बाळाची आई हसली नाही. पण वेळ आली तेव्हा आत्यानं ते नाव असं खणखणीत आणि बिनचूक सांगितलं, की बाळानं डोळे उघडले. सकाळपासून ती ओट्यावर बसून भेंडी निवडताना तेच घोकत होती, असं तिच्या शेजारणीनं नंतर सांगितलं. तिचा नियम साधा होता, "नाव आईबापाचं, कान पोराचा, आवाज माझा. आपण आपल्यापुरतं बोलायचं."

आता हे सगळं सुरू कसं झालं ते.

आत्याचं लग्न खालापूरकडे झालं होतं. नवरा लवकर गेला आणि ती पोशीरला माहेरी परत आली. पाठचा एकच भाऊ. त्याला रसायनीला कारखान्यात नोकरी लागली, लग्न झालं, मुलगा झाला. बारसं रसायनीलाच होतं. आत्या झबलं-टोपरं शिवून, वरवंटा घेऊन गेली. ही तिच्या आयुष्यातली पहिली आणि एकमेव सख्खी आत्याकी. पाळण्याजवळ भावाच्या सासूनं तिला अडवलं. विधवा बाईनं पाळण्याला हात लावू नये, असं त्या बाईंचं म्हणणं होतं. तिला स्वयंपाकघरात घुगऱ्यांकडे बघायला सांगण्यात आलं. भावजय बाळाचं दुपटं सारखं करू लागली. भाऊ छताच्या पंख्याकडे बघत राहिला. नाव भावजयीच्या मैत्रिणीनं सांगितलं.

पोशीरला परतल्यावर बायकांनी विचारलं, बारसं कसं झालं? आत्या म्हणाली, "घुगऱ्या झ्याक झाल्या." आत जाऊन तिनं वरवंटा धुतला आणि पाट्यावर ठेवून दिला.

त्याच महिन्यात आमच्या घरी माझा धाकटा भाऊ अमोल जन्मला. माझ्या वडलांना बहीण नव्हती. आईनं आत्याला निरोप धाडला. आळीतल्या दोन म्हाताऱ्या समजूत घालायला आल्या. मी तेव्हा शाळेत जात होते, दाराआडून ऐकत होते. आई म्हणाली, "माझ्या पोराच्या कानात कुणी बोलायचं ते मी ठरवीन. तुमी घुगऱ्या खाऊन जा." म्हाताऱ्या घुगऱ्या खाऊन गेल्या. अमोलचं नाव आत्यानं ठेवलं. पहिला धपाटा माझ्या आईचा होता. त्या धपाट्याविषयी आत्या पुढे अनेक वर्षं आदरानं बोलत असे. अमोल निरोगी निघाला, बराच वात्रट निघाला, आणि मग घराघरातून बोलावणी सुरू झाली. म्हाताऱ्यांपैकी एकीच्या नातवासाठीही आलं. आत्या गेली. जाताना "तुमी घुगऱ्यांकडं बघा हां," असं त्या म्हातारीला सांगून गेली.

भावाशी तिनं बोलणं तोडलं नाही. भाऊ जत्रेला कुटुंबासह यायचा, तिच्याकडे जेवायचा. पण भाच्याचं नाव तिनं कधी घेतलं नाही. मुलाचं नाव संकेत. कागदावर, शाळेत, गावात संकेत. आत्या त्याला 'भावाचा' म्हणे. "काय रं भावाच्या, उंच झालास." "भावाच्या, वाटीत रस्सा घे." लहानपणी त्याला वाटायचं की हे आपलं दुसरं नाव आहे. एकदा मी तिला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "ज्याच्या कानात मी सांगितलं नाय, त्याचं नाव मला कसं ठावं असंल?" अख्ख्या पोशीरला एक गोष्ट माहीत होती. रसायनीला जाताना तिच्या मनात भाच्यासाठी एक नाव तयार होतं. ते कोणतं, हे कुणालाच माहीत नव्हतं.

संकेत आणि अमोल एका वयाचे, जत्रेतले दोस्त. संकेत पुढे हायवेलगत एका गोदामात कामाला लागला आणि कुंभिवलीला फ्लॅट घेऊन राहिला. आईवडीलही रसायनी सोडून त्याच्याकडे आले. त्याला मुलगी झाली. संकेतला बहीण नाही. तो अमोलला घेऊन आत्याकडे आला. मी सुट्टीवर होते, ओट्यावर बसले होते. पुढचा संवाद माझ्यासमोर झाला, म्हणून जसाच्या तसा देता येतो.

"आत्या, रविवारी बारसं आहे. तू आत्या म्हणून ये."

"मी तुझी आत्या. तुझ्या पोरीची आजी. नात्यात खाडाखोड चालत नाय."

"गावभर तर चालते!"

"गावात मी उसनी हाय. तुझ्याकडं उसनी कशी येऊ?"

संकेत चिडला. "माझी आत्या आहेस, तर मला एकदा तरी नावानं हाक मार की!"

आत्या भेंडी निवडत राहिली. "ते ज्यांनी ठेवलं त्यांना सांग."

संकेतला रसायनीची हकीकत कुणी सांगितलेली नव्हती. त्यानं अमोलकडे पाहिलं. अमोलनं माझ्याकडे पाहिलं. मी आत्याकडे पाहिलं. "बापाला विचार," ती म्हणाली. "त्याला पंखा आठवंल." संकेत मोटारसायकल काढून निघून गेला.

तो गेल्यावर आत्या उठली आणि वरवंटा धुवायला घेतला.

"म्हणजे जाणार आहेस?" मी विचारलं.

"पावणी म्हणून जाईन. मागच्या खुर्चीत बसंन."

"मग वरवंटा कशाला?"

"तो एकटा राहात नाय."

बारसं इमारतीच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये होतं. फुग्यांची कमान, भाड्यानं आणलेला दिव्यांचा पाळणा, कापडानं झाकलेला नावाचा फलक. आत्या खरोखरच शेवटच्या रांगेत बसली, पिशवी पायाशी. मी तिच्या शेजारी होते. थोड्या वेळानं पुढे गडबड उडाली. वरवंटा कुणीच आणला नव्हता. संकेतच्या सासूबाईंनी इमारतीत चार दारं वाजवली, पण वरवंटा कुणाकडेच निघाला नाही. अखेर कुणीतरी मिक्सरचं भांडं टॉवेलात गुंडाळून आणलं आणि एक काकू ते गंभीर चेहऱ्यानं पाळण्यात ठेवू लागल्या.

"पातं काढलंय का गं?" आत्यानं मागून विचारलं.

हॉल हसला. पाळण्याजवळ उभा असलेला आत्याचा भाऊ हसला नाही. तो म्हातारा झाला होता, हळू चालायचा. तो खुर्च्यांमधून मागे आला, वाकून तिची पिशवी उचलली आणि म्हणाला, "ताय, चल."

"मी पावणी हाय रं."

"चल म्हंतो ना."

ती पुढे गेली. वरवंटा पाळण्यात गेला, गोविंद झाला, गोपाळ झाला. आता बाळाला ठेवायचं, तर संकेत मध्येच म्हणाला, "थांबा. आधी माझं." आणि तो नवा कोरा सदरा घालून पाळण्याशेजारी जमिनीवर मांडी घालून बसला, मान कलती करून उजवा कान वर केला. मिशीवाला, पोट सुटू लागलेला माणूस. कुणाला काही कळेना. भावाला कळलं. तो या वेळी छताकडे बघत नव्हता.

आत्यानं तो कान नीट निरखला. मग म्हणाली, "आधी ते पांढरं काढ." जेवणवाल्याशी बोलायला संकेतनं कानात इयरफोन घातला होता. त्यानं तो काढून खिशात टाकला.

आत्या वाकली. मागे बायका जमल्या, पण हात कुणी उचलेना. मग संकेतची आई पुढे झाली आणि तिनं नणंदेच्या पाठीवर हात ठेवला. धपाटा म्हणावा इतकाही तो नव्हता.

"वहिनी," आत्या वाकल्या वाकल्या म्हणाली, "जरा जोरात. इतकी वर्सं वाट बघतीया ही पाठ."

मग मात्र चांगला बसला. पाठोपाठ सगळ्यांचे बसले. त्या गदारोळात आत्यानं कुर्रर्र केलं. पोशीरहून आलेल्या आम्हा सगळ्यांनी कान टवकारले, कारण ते राखून ठेवलेलं नाव आता बाहेर येणार होतं. आत्यानं मोठ्यानं सांगितलं, "संकेत!"

"आता आधार कार्ड बदलायला कोण जाईल?" आत्या कंबर सरळ करत म्हणाली. संकेत उठून तिच्या पाया पडला. त्याला पटकन उठता आलं नाही, आणि ते पोटामुळे नव्हतं.

प्रश्न बाळाचा राहिला. आत्यानं हॉलभर नजर फिरवली आणि माझ्यावर थांबवली. "तू ये."

मी म्हटलं, "माझं काय नातं?"

"अमोल याचा दोस्त, तू अमोलची बहीण. म्हंजे उसनी. ये पटकन, पोर भुकेलंय."

मुलीचं नाव ओवी ठरलं होतं. "तोंडात मावतं," असा आत्यानं शेरा दिला. मी वाकले, कुर्रर्र केलं, नाव सांगितलं. पाठीत धपाटे पडू लागले आणि त्यातला एक असा बसला, की माझा हात पाळण्याच्या दांडीवर गेला. मागे बघायची गरज नव्हती. झोडणीचा हात होता.

परतताना रिक्षात मी तिला विचारलं, "ते मनातलं नाव कोणतं होतं गं?"

"तुला कशाला? पेपरात छापशील."

त्यानंतर पोशीरला कुणाला फोन लावून द्यायला सांगायचं असेल, तर ती मुद्दाम मोठ्यानं सांगे, "संकेतला लाव. आमच्या संकेतला." काम काही नसे. "जेवला का विचारायचंय," म्हणे. गेल्या वर्षी झोडणी आटोपली आणि काही दिवसांत आत्या गेली. भाजी घेऊन बाजारात जायच्या तयारीत होती. दहाव्याला संकेतनं केस दिले. नाव तिच्याबरोबर गेलं. वरवंटा तिनं मला द्यायला सांगितला होता, चेनच्या पिशवीसकट.

परवा नेरळहून बोलावणं आलं. बाळाच्या आत्याला सुट्टी मिळाली नव्हती. मी पिशवी घेऊन गेले, वाकले, नाव सांगितलं आणि पळाले नाही. पाठीत धपाटे बसले.

नेलपॉलिशचे होते.