कापडावरची दुसरी ओळ

तारमास्तरांना जास्तीचा शब्द सहन व्हायचा नाही. जळगावच्या तार ऑफिसात खिडकीच्या आत बसायचे. कुणी फॉर्म भरून आत सरकवला की आधी पेन्सिल उचलायचे आणि शब्द खोडायला लागायचे. "आपले परमपूज्य वडील काल सायंकाळी देवाघरी गेले तरी ताबडतोब निघून यावे" असं लिहून आणलेल्या माणसाच्या हातात "वडील वारले. या." एवढंच परत यायचं. माणूस म्हणायचा, "अहो, परमपूज्य तरी राहू द्या." मास्तर म्हणायचे, "ते येणाऱ्याला माहीत आहे."

त्यांच्या ऑफिससमोर माझी पाट्या रंगवायची टपरी. शाळेत मी दोनदा गेलो. एकदा पहिलीत आणि एकदा भिंती रंगवायला. दुसऱ्या वेळी जास्त दिवस टिकलो. अक्षर माझं झकास, पण ते काय म्हणतंय याच्याशी माझं देणंघेणं नसायचं. चिठ्ठीवर जे असेल ते मोठं करून काढायचं, झालं. म्हणून पाटी वाळली की मी रस्ता ओलांडून मास्तरांना दाखवायला न्यायचो. एकदा नशिराबादच्या एका वखारीच्या पाटीवर मी एकच ओळ दोनदा काढली होती. मास्तर बघून म्हणाले, "एवढं ठासून सांगायची गरज नव्हती."

शनिवारी मात्र मास्तर काही बघायचे नाहीत. दुसऱ्यांच्या रविवारच्या, दिवाळीच्या ड्युट्या अंगावर घ्यायचे, पण शनिवार सोडायचे नाहीत. त्या दिवशी घरात चूलसुद्धा पेटायची नाही. मी काय समजायचं ते समजलो. वर्षभर दर शनिवारी सकाळी रुईच्या पानांची माळ करून त्यांच्या घरी देत होतो. त्यांच्या बायकोला सगळे अक्का म्हणायचे. अक्का माळ घ्यायची, "ठेवा" म्हणायची. शेवटी एकदा म्हणाली, "भाऊ, शेजारची शेळीसुद्धा आता तोंड फिरवते. आम्ही मारुतीचं नाही करत."

"मग शनीचं?"

"नाही हो. आमचा सुट्टीचा वार आहे."

मी म्हटलं, केंद्र सरकारची नोकरी, त्यांना सुट्ट्या जास्त असतील. विषय संपला. असा मी हुशार.

मग इस्रायल बैरूतवर बॉम्ब टाकत होता, ते दिवस आले. पेपरात रोज फोटो. पडलेली घरं, एका फोटोत एक बाई नुसतं पातेलं हातात घेऊन उभी. आमचे रमेशभाऊ मूळचे धुळ्याकडचे. जळगावात कुठलाही मोर्चा असो, सगळ्यात पुढे तेच. माणूस मनानं चांगला, तो फोटो बघून त्यांना जेवण गेलं नव्हतं. सोमवारी मोर्चा ठरला. शनिवारी त्यांनी मला दोन ओळींची चिठ्ठी दिली. पहिली ओळ, 'बैरूतवरचे बॉम्ब थांबवा'. दुसरी, 'यहूदी जमात मुर्दाबाद'.

शनिवार असल्यामुळे दाखवायला मास्तर नाहीत. मी ऑईलचा लाल रंग घेतला आणि दिवसभरात कापड केलं. रविवारी सकाळी तार ऑफिसच्या बरोबर समोर, दोन खांबांमध्ये, उंच बांधलं. आणि खाली उभा राहिलो, कुणी तरी वा म्हणेल म्हणून.

मास्तर सायकलवर ड्युटीला आले. वर बघून उतरले.

"अक्षर चांगलं आलंय," म्हणाले.

"मास्तर, ऑईलपेंट आहे. पावसात जायचा नाही."

"नाही जायचा ना. बरं." मग म्हणाले, "ही दुसरी ओळ कुणाबद्दल आहे?"

"बॉम्ब टाकणाऱ्या पलटणीबद्दल."

"काय नाव पलटणीचं?"

"यहूदी."

"मी यहूदी आहे."

मी हसलो. चांगला मोठ्यानं हसलो. मास्तर कधी गंमत करत नाहीत, हे मला त्याच वेळी आठवलं नाही. म्हटलं, "तुम्ही तर कोकणातले!"

"कोकणातलाच यहूदी. कैक पिढ्या तिथलेच. आजोबांचा तेलाचा घाणा होता, शनिवारी बंद असायचा. लोक शनवार तेली म्हणायचे." सायकल स्टँडला लावत ते म्हणाले, "पहिली ओळ चांगली आहे. ती बॉम्ब टाकणाऱ्या सरकारला आहे. पेपर वाचून मीही हेच म्हणतो. दुसरीत सरकार कुठं दिसतंय तुम्हाला?"

मी वर बघितलं. अक्षरं दिसत होती.

"नळाला पाणी आलं नाही की तुम्ही नगरपालिकेच्या नावानं ओरडता. जळगावची माणसं मुर्दाबाद म्हणता का?"

"कसं म्हणीन? मीच जळगावचा."

"तेच," म्हणाले आणि आत गेले. कापड काढा असं काही म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर बरं झालं असतं.

दुपारी अक्का डबा घेऊन आली. कापडाखाली थांबली. वाचलं. एरवी "काय भाऊ, आज कुणाची पाटी?" असं विचारणारी बाई माझ्याकडे न बघता आत गेली. खिडकी उघडीच होती. आतून तिचा आवाज आला, "तो बदलीचा अर्ज पडलाय ना, तो आजच भरा. आपण मुंबईला जाऊ."

"उद्या बघू," मास्तर म्हणाले.

"उद्या यांचा मोर्चा आहे. मी काय दारं लावून बसायचं? सहा वर्षं झाली या गावात. मला वाटलं होतं, आपण इथलेच झालो."

मला त्या क्षणी कळलं की हे कापड राहिलं तर ही माणसं जाणार, आणि घालवणारं अक्षर माझं. शिडी आणली, पांढऱ्या रंगाचा डबा घेतला आणि दुसऱ्या ओळीवर हात मारत सुटलो. आता कुठल्याही पेंटरला माहीत असतं की लालावर पांढरा मारला की लाल वर फुटतो. मला नव्हतं आठवलं. मुर्दाबाद गुलाबी झालं आणि आधीपेक्षा ठळक दिसायला लागलं.

तेवढ्यात रमेशभाऊ आले. "काय करी राहिना रे तू?"

"ओळ खोडून राहिलो. तारमास्तर यहूदी आहेत."

"कोण, आपले मास्तर?" रमेशभाऊंनी हात झटकला. "काहीतरीच. आणि असले तरी त्यांना कोण बोलतंय? ते आपले आहेत."

"वर तसं लिहिलेलं नाही, भाऊ."

"मग ते सोडून बाकीचे!"

मास्तर आतून बाहेर आले. पायरीवर उभे राहून म्हणाले, "बाकीच्यात माझी आई येते. पेणजवळ असते. तिला स्वतःची पाण्याची बादली उचलत नाही. तिनं बैरूतवर काय टाकलं?"

रमेशभाऊ जरा गडबडले, पण मोर्चेवाला माणूस, गप्प कसा बसेल? "म्हणजे मास्तर, तुम्ही त्या देशाची बाजू घेता. त्यांना काही बोलायचंच नाही का आम्ही?"

"बोला ना. नाव घेऊन बोला. 'इस्रायल सरकार, फौज मागे घ्या' असं लिहा. पाहिजे तर याहून मोठ्या अक्षरात लिहा. तुम्ही सरकारचं नावच घालत नाही आणि मग ते माझ्या आईला लागतं."

रमेशभाऊंनी वर कापडाकडे बघितलं. मग खाली बघून म्हणाले, "मोर्चाला जोर यावा म्हणून टाकली होती बुवा ती ओळ. मी काही तुमच्या आईला..." वाक्य त्यांनी तिथंच सोडलं. मला म्हणाले, "काप."

मी कापलं. कापडाबरोबर दोरी पण कापली. शिडी त्याच दोरीला टेकवलेली होती. दुसरी ओळ अंगाला गुंडाळून मी सरळ गटारीत उतरलो. रस्त्यावरचे सगळे हसले. अक्का खिडकीतून बघत होती, ती मात्र हसली नाही. ती आतून पाण्याची बादली घेऊन आली आणि माझ्या डोक्यावर ओतली. "उठा आता," म्हणाली, "नवीन ओळ कधी काढणार?"

सोमवारी मोर्चा निघाला. सरकारी नोकराला मोर्चात चालता येत नाही, म्हणून मास्तर खिडकीत उभे होते. अक्कानं डबा आत दिला, पदर खोचला आणि कापडाच्या मागे चालायला लागली. थेट कलेक्टर कचेरीपर्यंत. रमेशभाऊ घोषणा देताना दर वेळी मागे वळून तिच्याकडे बघायचे आणि 'सरकार' हा शब्द जरा जास्तच जोरात म्हणायचे. मी नंतर विचारलं, "अक्का, तुम्ही कशा काय गेला?" ती म्हणाली, "यांना नोकरीची अडचण आहे. मला कसली?"

बदलीचा अर्ज भरला गेला नाही.

पुढे दहा-बारा वर्षांनी उलटंच झालं. केळीला थेंबाथेंबानं पाणी द्यायच्या नळ्या आल्या. इस्रायलचं नाव शेतकऱ्यांच्या तोंडी झालं. मुक्ताईनगरकडचे दोघं-तिघं हार घेऊन मास्तरांच्या घरी. "मास्तर, तुमचा देश लय हुशार हाये!" मी सोबत होतो, मीच घर दाखवलं होतं, आणि खरं सांगायचं तर हाराची आयडियाही माझीच. मास्तरांनी हार हातात घेतला, गळ्यात घातला नाही. म्हणाले, "ती नळी मी केली नाही आणि तो बॉम्बही मी टाकला नव्हता. मी तारा करतो." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुम्हाला तरी कळायला पाहिजे होतं." मी दाराबाहेर जाऊन चपला शोधायला लागलो. चपला पायातच होत्या.

रिटायर झाल्यावर दोघं लेकीकडे गेले. लेक लग्न होऊन इस्रायललाच होती. स्टेशनवर मी म्हटलं, "मास्तर, आता तर ते सरकार तुमचंच होणार. बोलणं बंद ना?" मास्तर म्हणाले, "उलट. आता मत देऊन बोलता येईल."

वर्षभरानं अक्काचं पत्र आलं. ते मी स्वतः वाचलं, दोन दिवस लागले. लिहिलं होतं की दर आठवड्याला काही माणसं चौकात उभी राहतात, लढाई नको, पलीकडच्या लोकांची घेतलेली जमीन सोडा म्हणतात. हेही उभे राहतात. मराठीतच सरकारला बोलतात, कुणाला कळत नाही. पण पाट्या करणाऱ्यांचं अक्षर बारीक, लांबून दिसत नाही.

मी कळवलं, तिकडच्या भाषेतली अक्षरं कागदावर काढून पाठवा, कापड करून पाठवतो. पण अर्थ आधी लिहा, अक्षरं मागून.

दोन्ही आलं. अर्थ अक्काच्या हातचा होता, खाली तिनं लिहिलं होतं, 'यांनी सांगितलं तसं लिहिलंय, यांचा हात चालत नाही.' अर्थ मी तीनदा वाचला. त्यात कुणाची आई नव्हती. मग रंग कालवला, उजवीकडून डावीकडे अक्षरं काढली आणि पार्सल केलं.

पोचल्याचं पत्र अक्काचं आलं. मास्तर ते कापड बघायला राहिले नव्हते. चौकात ते तिनं धरलं होतं.