पाण्याच्या दिवसाची चावी

त्या प्रकरणाचे कागद केव्हाच दप्तरी दाखल झाले, पण ती घटना आजही आठवते आणि आठवली की मला माझाच राग येतो. दुष्काळाची वर्षं होती. जायकवाडी तळाला गेलेलं आणि शहर मात्र चारी बाजूंनी वाढत चाललेलं. नळाला चौथ्या-पाचव्या दिवशी पाणी यायचं. मी शहरातल्या एका ठाण्याचा प्रभारी निरीक्षक होतो.

एका सकाळी ठाण्यासमोर संसाराने भरलेला टेम्पो येऊन थांबला. चंद्रपूरहून बदली होऊन आलेलं जोडपं होतं. त्यांनी तिकडे बसूनच मोबाइलवर घर शोधलं होतं. एका वेबसाइटवर फ्लॅटचे फोटो पाहिले, पसंत केले, मालकिणीशी फोनवर बोलून दिवसही ठरवला. मालकिणीने टोकनसुद्धा मागितलं नव्हतं. इथे पोहोचले तर दार उघडणारी बाई भलतीच आणि मालकिणीचा फोन बंद.

ती दार उघडणारी बाईही मागोमाग ठाण्यात आली. पस्तिशीची, वाळूजच्या कंपनीत पॅकिंगला जाणारी.

"साहेब, घर माझं हाय. मी कुणालाच भाड्यानं दिलं नाय. हा दुसरा टेम्पो हाय. सोसायटीतले लोक नाय नाय ते बोलाय लागलेत."

तिचा नवरा ट्रकवर, महिन्यातून दोनदा घरी यायचा. फोनवर बाईचा आवाज होता हे कळल्यावर त्याने डोक्यात घेतलं की बायकोच घर चोरून भाड्याने देऊन निघून जायच्या बेतात आहे. फ्लॅट त्याच्या नावावर होता आणि तो विकायला निघाला होता.

"धा वर्षं ओव्हरटाइम केला तवा हे घर झालं," बाई म्हणाली. "तेवढं वाचवा, साहेब."

आमच्याकडे तेव्हा एक महिला उपनिरीक्षक नवीन रुजू झाली होती, कोल्हापूरकडची. संगणकात तरबेज. वरिष्ठ बैठकीत तिचं नाव घेऊन कौतुक करायचे आणि माझ्या पोटात दुखायचं. खोटं कशाला सांगू? वीस वर्षं उन्हातान्हात फिरून, खबरे सांभाळून मी गुन्हे उघडकीला आणले, आणि ही कालची पोर खुर्चीत बसून शाबासकी घेणार! जाहिरातीतला नंबर भलत्याच माणसाच्या नावावर निघाला, तेव्हा तर मला बरंच वाटलं. तिने मग जाहिरातीतले सगळे फोटो छापून माझ्या टेबलावर ठेवले.

"सर, हे घराच्या आतले आहेत. एकदा नजरेखालून घाला."

मी ते न बघताच ड्रॉवरमध्ये टाकले.

माझ्या खबऱ्याने वेगळीच खबर आणली होती. चौकातला एक इस्टेट एजंट म्हणे या वेबसाइटवर खार खाऊन आहे. ही खबर मला आवडली, कारण ती माझी होती. एजंटला मी तीनदा बोलावून बाकावर बसवलं.

"साब, इस वेबसाइट ने मेराच धंदा बिठाया," तो काकुळतीला येऊन म्हणायचा. "मैं उसमें इश्तेहार कायको डालूं?"

त्याचं म्हणणं बिनतोड होतं. तरी मी त्याला चौथ्यांदा बोलावलं. असे आठ दिवस गेले. नवव्या दिवशी आणखी एक टेम्पो त्या दाराशी जाऊन उभा राहिला, तेव्हा नाइलाजाने मी ड्रॉवर उघडला.

दुसऱ्याच फोटोत न्हाणीघर होतं. दोन निळे ड्रम, झाकणं खाली काढलेली, ड्रममध्ये पाइप सोडलेला आणि पाइपातून पाणी पडतंय. मी बाईला बोलावून घेतलं.

"पाणी येतं तेव्हा तुम्ही कुठे असता?"

"पाणी येतं सकाळी धाला. मी तवा ड्युटीवर."

"मग ड्रम कोण भरतं?"

"वरच्या मजल्यावरची मैत्रीण. चावी तिच्यापाशीच असती की."

आमच्या शहरात तेव्हा निम्म्या घरांची चावी पाण्याच्या दिवशी शेजारी असायची. माझ्याही घराची असायची. नदीकाठच्या गावातून आलेल्या त्या उपनिरीक्षकाला हे ठाऊक असायचं कारण नव्हतं. मला मात्र तो फोटो पाहताक्षणी कळला. आठ दिवसांपूर्वीही कळला असता.

मैत्रिणीला महिला उपनिरीक्षकासमोर बसवलं. नवरा वारलेला, शिवणकाम करून पोट भरणारी बाई. "माझा काय संबंध?" म्हणून ती तासभर अडून बसली. मी फोटो पुढे सरकवला आणि विचारलं, "हा ड्रम तुम्हीच भरत होतात ना?" तिने फोटो उलटा करून ठेवला आणि बोलायला लागली.

"आमच्या दोघींच्या बापाची मेंढरं रानात एकाच वाड्यावर, एकाच तळावर व्हती, साहेब. पाल सारखंच, भाकर सारखीच. आता तिला घर झालं अन् मी पाचवं घर बदलती. मालक म्हणतो खाली कर. त्याच वेबसाइटवर रोज घर धुंडती. एकटी बाई म्हणलं की लोक फोन ठेवत्यात. अन् तिच्या घरात पाणी मी भरायचं! लई जळायचं मला."

"म्हणून जाहिरात टाकलीत?" उपनिरीक्षकाने विचारलं.

"पयल्यांदा नुसते फोटो टाकले. लांबलांबून फोन आले, ताई, तुमचं घर लई छान हाय म्हणं. तुमचं घर! ते ऐकाय बरं वाटायचं. मग वाटलं, येऊ द्या एखादा टेम्पो तिच्या दारात. तिलाबी कळू दे, सामान घेऊन रस्त्यावर उभं राहणं काय असतं."

रीतसर गुन्हा दाखल झाला. पेपरात बातमी आली, 'निरीक्षकांच्या नजरेतून सुटला नाही ड्रम.' बैठकीत या वेळी माझं नाव घेतलं गेलं.

दोन दिवसांनी फ्लॅटवाली बाई ठाण्यात आली. नवऱ्याचा गैरसमज फिटला होता, पण त्याने आदल्या आठवड्यातच फ्लॅटचं खरेदीखत करून दिलं होतं. आता तीही भाड्याचं घर शोधत होती.

"चार दिस आधी नसतं का कळलं, साहेब?" तिने विचारलं.

"तपासाला वेळ लागतोच, बाई," मी म्हणालो.

उपनिरीक्षक शेजारीच उभी होती. तिने टेबलावरचे फोटो गोळा केले आणि फाइलला लावले.

माणूस लांबच्या श्रीमंतावर जळत नाही. शेजारच्या खुर्चीवर जळतो, खालच्या मजल्यावर जळतो, हे मी त्या प्रकरणात शिकलो. त्या शिवणकाम करणाऱ्या बाईने आपला मत्सर तासाभरात कबूल केला आणि मी तिच्या जबाबावर सही केली. माझ्या आठ दिवसांची नोंद मात्र कुठल्याच स्टेशन डायरीत नाही. ती आज इथे करतो आहे.