इम्पीमावशीच्या घरातली तिसरी दुपार

इम्पी सालमेला बर्फाला घाबरायची, आणि हे गावात सगळ्यांना माहीत होतं. अमेरिकेतल्या लेक सुपीरियर तलावाच्या काठी हिवाळाभरात वीस-वीस फूट बर्फ पडतो. तिथेच जन्मून म्हातारी झालेली बाई बर्फाला घाबरते, याची लोकांना गंमत वाटायची. एकतीस वर्षं ती शाळेच्या स्वयंपाकघरात होती. बर्फ सुरू झाला की हातातली सुरी ठेवून खिडकीपाशी जाऊन यायची. कारण मात्र चेष्टा करणाऱ्यांनाही ठाऊक होतं. तिचा नवरा ताउनो छपरावरचा बर्फ ओढून काढत होता आणि सगळा थर एकदम घसरून त्याच्या अंगावर आला. ती जेवायला हाक मारायला बाहेर गेली, तेव्हा अंगणात नुसता ढीग होता.

मी आणि माझा नवरा आर्विद तिच्या शेजारी राहायचो, चाकांवर आणून ठेवलेल्या पत्र्याच्या घरात. त्या जानेवारीत वादळाची सूचना आली, तसा तिचा फोन आला.

"हेल्मी, तुमच्या त्या डब्याचं छप्पर सपाट आहे. आर्विदला घे आणि इकडे ये."

"मावशी, आर्विद म्हणतोय, छप्पर टिकेल."

"ताउनोही असंच म्हणायचा. ये तू."

आम्ही गेलो. दोन दिवस तलावावरचा वारा थांबला नाही. आधी पायऱ्या बर्फाखाली गेल्या, मग कुंपण, मग आमची गाडी. तिसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीत वरच्या बाजूला वीतभर उजेड उरला होता. माळ्यावरचं लाकूड मधूनच करकरायचं. तसं झालं की मावशीचा डाव पातेल्यात तसाच थांबायचा. आवाज पुन्हा येत नाही अशी खात्री झाली की ती ढवळायला लागायची.

तिने सतत काहीतरी शिजत ठेवलं होतं. मांस, बटाटे आणि सलगम घालून केलेला दाट मोयाक्का, राईचा ब्रेड, ओव्हनमधला अंड्यांचा जाड केक. आर्विद तिसऱ्यांदा वाडगा पुढे करत म्हणाला, "मावशी, बर्फाने नाही, मी तुमच्या जेवणाने मरणार."

"खा गुपचूप," ती म्हणाली.

त्या दुपारी जेवून तो बाकावर आडवा झाला आणि लगेच घोरायला लागला. मलाही पेंग येत होती. डोकं सकाळपासून ठणकत होतं, पण कोंडून बसल्यामुळे असेल असं मला वाटलं. मावशी भांडी विसळत होती. ती मध्येच थांबली आणि सिंकला धरून उभी राहिली.

"हेल्मी, डोकं दुखतंय तुझं?"

"सकाळपासून."

"माझंही. आणि आर्विदने मघाशी गोळी मागितली." तिने नळ बंद केला. "माझ्या जेवणाने झोप येते गं. तिघांची डोकी नाही दुखत."

तिने पश्चिमेच्या भिंतीकडे पाहिलं. तळघरातल्या गॅसच्या हीटरचा धूर बाहेर सोडणारी नळी त्या भिंतीतून, जमिनीपासून हातभर उंचीवर निघत होती. बर्फ आता खिडकीच्याही वर गेला होता, म्हणजे नळी कधीच बुजली होती. विषारी वायूची सूचना देणारं यंत्र तिने नाताळातच ड्रॉवरमध्ये टाकलं होतं. बॅटरी संपल्यावर ते सारखं टुकटुक करायचं, आणि नवी आणायची राहून गेली होती.

तिने भिंतीवरचं हीटरचं बटण बंद केलं. मी टेबलाला धरून कशीबशी उठले. आर्विद काही केल्या उठेना. मावशीने विसळणाचं पाणी त्याच्या तोंडावर फेकलं, तेव्हा त्याने डोळे किलकिले केले आणि पुन्हा मिटले.

तिने दार आत ओढलं. समोर चौकटभर पांढरी भिंत होती, तिच्यावर दाराच्या फळ्यांचे ठसे उमटलेले. फावडं बाहेर ओसरीवर, त्या भिंतीपलीकडे. मावशीने ओव्हनमधला पत्र्याचा ट्रे घेतला आणि बर्फ खरवडून स्वयंपाकघरातच मागे टाकायला लागली. मी तातडीच्या मदतीला फोन लावला. पलीकडचा माणूस म्हणाला, ताबडतोब उघड्यावर या, बर्फ काढणारी गाडी पुढे घालून यायला दीड तास तरी लागेल.

वरच्या कोपऱ्यात भोक पडलं आणि गार हवा आत आली. मी तोंड तिथे लावून श्वास घेतला. ते भोक मोठं करून आम्ही आर्विदला गोधडीवर घालून बाहेर ओढलं. तेव्हा मी वर पाहिलं. छपराच्या कडेवरून बर्फाचा जाड थर आमच्या डोक्यावर लोंबत होता.

"बघू नकोस," मावशी कुजबुजली. "हळू ओढ. मोठ्याने बोलू नकोस."

ती स्वतः एकदाही वर बघत नव्हती. तिच्या दातांचा आवाज मला ऐकू येत होता, आणि तो थंडीचा नव्हता. सरपणाची खोप वीसेक पावलांवर होती. कमरेइतक्या बर्फातून तेवढं अंतर कापायला आम्हाला किती वेळ लागला कोण जाणे. खोपीत ती आम्हा दोघांच्या मध्ये बसली. आर्विदने ओकारी काढली तेव्हा तिने त्याचं डोकं धरलं. दर थोड्या वेळाने ती त्याच्या छातीवर हात ठेवायची, मग माझ्या, मग पुन्हा त्याच्या.

गाडी आली तेव्हा अंधारत होतं. अग्निशमनाचा एक जण मीटर घेऊन घरात गेला, लगेच बाहेर आला आणि त्याने दाराला आडवी पट्टी लावली.

आर्विद चार दिवस इस्पितळात होता. त्याची बोटं मार्चपर्यंत बधिर होती, पुढे बरी झाली. मावशी त्यानंतर नऊ हिवाळे त्याच घरात राहिली आणि नऊही हिवाळे घाबरतच राहिली. एकदा मी तिला विचारलं, त्या दिवशी छपराखालून जाताना काय मनात आलं. ती म्हणाली, "काही नाही. तू त्याला सोडशील का, एवढंच."

आर्विदला ती दुपार आठवत नाही. तो म्हणतो, पडून राहिलो असतो तरी कुणीतरी आलंच असतं. मी त्याच्याशी वाद घालत नाही. मात्र जेवून तो बाकावर आडवा झाला की मी काहीतरी निमित्त काढून त्याला हाक मारते, आणि ओ येईपर्यंत तिथेच उभी राहते.