बोलोन्यात काकूंचा घास

"हे मी करणार नाही," आचारी म्हणाला. जर्मनमध्ये म्हणाला, मला नीट कळावं म्हणून. तरुणपणी त्यानं जर्मनीत, ब्योब्लिंगेनला, पिझ्झे भाजले होते.

माझी मागणी साधी होती. बोलोन्याचा प्रसिद्ध पास्ता, म्हणजे अंडं घालून मळलेल्या पिठाच्या लांब पट्ट्या, गुरगुट्या भातासारखा शिजवायचा. मग मी त्याची पेस्ट करणार. त्यासाठी आणलेला हँड-मिक्सर मी टेबलावर काढून ठेवला होता. तिथेच चुकलं.

शेजारी व्हीलचेअरवर सुधाकाकू मजा बघत होत्या.

मी हायडेलबर्गच्या एका आल्टनहाइममध्ये, म्हणजे वृद्धाश्रमात, हेल्पर आहे. शाळा नववीत सुटली. बायको नर्स, तिच्या व्हिसाचं शेपूट धरून इकडे आलो. मला कामापुरतं जर्मन शिकवलं ते तिथे राहणाऱ्या काकूंनी, रोज टोमणे मारत. त्यांचे जर्मन यजमान होते तेव्हा दोघं दर वर्षी बोलोन्याला यायची. सकाळी चित्रं, दुपारी जेवण. ते गेल्यावर येणं थांबलं. एकदा पुन्हा जायचं, एवढाच काकूंचा हट्ट होता; सोबतीला मी.

अडचण काकूंच्या डिस्फागीची. म्हणजे घास अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत जाण्याचा धोका. अशा माणसाला पाणीसुद्धा पावडर घालून घट्ट करून द्यायचं, आणि जेवण सगळं वाटलेलं. हिवाळ्यात पावाच्या एका तुकड्यानं काकू निळ्या पडल्या होत्या. तेव्हा मी समोरच होतो.

म्हणून निघताना आमच्या प्रमुख फ्राऊ केलरनी विचारलं, "त्यांनी अख्खा घास मागितला तर?"

"देणार नाही."

"गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, त्या म्हणाल्या. हसल्या नाहीत.

घास भरवताना आमची एक पद्धत असते. हनुवटी खाली करून गिळायचं. मग पेशंटला 'आ' म्हणायला लावायचं. आवाज ओला, घुरघुरता आला, तर घशात काहीतरी राहिलंय. बोलोन्याला पोचल्यापासून मी प्रत्येक चमच्याला 'आ' म्हणवून घेत होतो.

त्या दिवशी सकाळी आम्ही एका चर्चमध्ये मातीच्या जुन्या मूर्ती बघितल्या. येशूच्या देहाभोवती आक्रोश करणाऱ्या बायका. एकीचा तर जबडाच वासलेला. काकूंनी खुर्ची तिच्यासमोर थांबवायला सांगितली.

"दत्ता, हिला ओळखलंस?"

"नाही हो काकू."

"अरे, तूच की. मला भरवताना अस्साच दिसतोस."

तर आचारी. काकूंनी त्याला इटालियनमध्ये काहीतरी सांगितलं. तो माझ्याकडे बघून हसला, मिक्सर उचलला आणि आत गेला. अट एकच, काकूंनी मला सांगितली: हे पाप तो स्वतः करणार, गिऱ्हाइकांच्या नजरेआड.

वाडगा आला. तांबूस, गुळगुळीत, खिम्याच्या रश्शाचा वास. आणि वर, शोभेसाठी, पास्त्याची एक अख्खी पट्टी.

काकूंची नजर तिच्यावरून हलेना. त्यांनी काटा उचलला आणि पट्टी सावकाश गुंडाळली.

"काकू, नको."

"एकच आहे रे."

"हिवाळ्यातही एकच तुकडा होता."

काटा हवेत तसाच राहिला. तो हिसकावून घ्यावा तर मोठ्या माणसाचा हात कसा धरायचा, आणि न घ्यावा तर...

मग काटा वळला आणि माझ्या तोंडासमोर आला.

"तू खा. कसं लागतं ते मला सांग."

मी तोंड उघडलं. बघतो तर काकूंचंही उघडलेलं, माझ्याइतकंच.

"हनुवटी खाली," त्या म्हणाल्या. "गीळ. आता 'आ' म्हण."

"आ."

"कोरडा आहे आवाज. आता बोल."

मी म्हटलं, मऊ आहे, पण दाताला लागतं. आधी लोणी, मग खिमा, शेवटी जरा आंबट. काकू माझं वर्णन ऐकत वाडग्यातला एकेक चमचा खात गेल्या. मधेच म्हणाल्या, "पुन्हा सांग, लोणी आधी का खिमा?" मी पुन्हा सांगितलं. वाडगा रिकामा झाला. आचाऱ्यानं तो उलटा करून बघितला आणि मला मिक्सर परत दिला, धुऊन.

आता आमच्याकडे नवा हेल्पर आला की मी बजावतो, भरवताना आपलं तोंड मिटून ठेवा, पेशंट चिडवतात. अजून कुणाला जमलेलं नाही.