गच्चीवरच्या चार खोल्या

बायको गेली त्याला दोन महिने झाले होते. सकाळी चहा गाळताना तिच्या डोक्यात कळ आली आणि संध्याकाळपर्यंत सगळं संपलं. मी रडलो नाही. दिवसकार्य करताना नाही, नंतरही नाही. लोक म्हणायचे, धीराचा माणूस आहे. धीर कसला! दाताच्या डॉक्टरने भूल दिल्यावर आपलाच गाल दुसऱ्याचा वाटतो, तसं मला सगळं अंग वाटत होतं.

शेवटी मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही ड्यूटी जॉइन करा ना. घरात नुसतं भिंतीकडे बघत बसताय."

मी कामावर गेलो.

माझं काम इमारतींची वीज तपासायचं. शहरातल्या इमारती जेवढी वीज खातात तेवढा धूर लांब कुठल्या तरी वीजकेंद्राच्या चिमणीतून निघतो. तो कमी व्हावा म्हणून त्या वर्षी एक योजना आली होती. मालकाने गच्ची पांढरी रंगवायची, जुने दिवे-पंखे बदलायचे, चौरस फुटामागे लागणारी वीज ठरलेल्या मर्यादेत आणायची. माझ्यासारख्या तपासनिसाने तसा दाखला दिला की मालमत्ता करात सवलत मिळायची. सक्ती नाही, दंड नाही. फायदा दिसला की माणूस आपण होऊन करतो, हा त्यामागचा विचार. मला तो पटला होता. बायको असताना मी त्याच्या बाजूने दोन-तीन सभांत तावातावाने बोललोही होतो.

एप्रिलमध्ये शहरातल्या दिलसुखनगर भागातली एक चार मजली इमारत माझ्याकडे आली. खाली दुकानं, मध्ये कोचिंग क्लास, वर मुलींचं हॉस्टेल. मालक साठीचा, बोलायला गोड. त्याने मला प्रत्येक मजल्यावरचे नवे पंखे हौसेने दाखवले. जिन्याच्या शेवटच्या वळणावर मात्र तो थांबला.

"ऊपर कुछ नहीं है साब. टाकी है बस. चढो नक्को, धूप में चक्कर आता."

मी चढलो. त्यात धाडसाचं काही नव्हतं. फॉर्ममध्ये गच्चीचा रकाना होता आणि तो भरायचा होता, एवढंच.

वर पत्र्याच्या चार खोल्या होत्या. चारही दारांत कूलर घरघरत होते. तापमान मोजायची बंदूक मी पत्र्यावर रोखली. एकसष्ट अंश. शेजारच्या उघड्या गच्चीपेक्षा कितीतरी जास्त.

एका दारात चाळिशीची बाई शिलाई मशीनवर साडीला फॉल लावत होती. तेवढ्यात मुलीचा फोन आला, तिच्याशी मी मराठीत बोललो ते तिने ऐकलं असावं.

"तुम्ही आपल्यातले दिसता," ती मराठीत म्हणाली. "कुठचे?"

"इथलेच. जामबाग. तीन पिढ्या झाल्या."

"आम्ही नांदेडकडचे. आमचे हे खाली हॉस्टेलच्या मेसमध्ये कामाला हैत, म्हणून इथं. आत या, पाणी देते. बाहेर उभं राहवत नाही."

आतही राहवत नव्हतं. मी पाणी प्यालो. "ते बंदुकीवाणी काय हाय?" तिने विचारलं. पत्रा किती तापतो ते मोजतोय, असं मी सांगितलं. ती हसली. "ते आम्हाला इचारा की. मशीन नको मोजायला."

मी हसलो नाही. तिचा निरोप घेतला आणि खाली येऊन रकाना भरला. गच्चीवर चार खोल्या, राहता वापर, नकाशात मंजूर नाहीत, प्रत्येकीत कूलर. या खोल्यांची वीज मालक पाण्याच्या पंपाच्या, हिशेबाबाहेरच्या मीटरवर दाखवत होता; ती आता इमारतीच्या हिशेबात आली, पण त्यांचं क्षेत्रफळ कागदावर नसल्याने धरता येत नव्हतं. माझ्या अहवालाने इमारत मर्यादेबाहेर गेली. दुसऱ्या एखाद्या तपासनिसाने नुसतं 'पाण्याची टाकी' लिहिलं असतं. एरवी मीसुद्धा थांबलो असतो, कुणाला तरी विचारलं असतं, निदान घरी जाऊन बायकोला सांगितलं असतं. त्या दिवशी पेन चालत गेलं.

दोन दिवसांनी मालकाचा फोन आला. "साब, आप तो मेरेकू मार डाले."

"जो था वो लिखा," मी म्हणालो.

ऑफिसमध्ये साहेबांनी पाठ थोपटली. असं खरं लिहायला हिंमत लागते, म्हणाले.

महिन्याभराने फेरतपासणीचा अर्ज आला. मी गेलो. गच्ची लख्ख पांढरी, डोळ्यांना झोंबणारी. खोल्या नव्हत्या. जिथे भिंती होत्या तिथे सिमेंटचे नवे पट्टे दिसत होते. विजेचं प्रमाण मर्यादेत बसत होतं. दाखला नाकारायला नियमात काहीच जागा नव्हती. मी सही केली. उतरताना हॉस्टेलच्या वॉचमनला विचारलं, वरचे लोक कुठे गेले? आठ दिवसांत खाली करायला लावलं, म्हणाला. मेसवाला अजून कामाला येतो, पण आता मलकपेठहून.

घरी जेवताना मी हे मुलीला सांगितलं. बातमी सांगावी तसं. ती घास तसाच हातात धरून बघत राहिली.

"म्हणजे त्या लोकांचे कूलर आता मलकपेठमध्ये चालतात. मग धूर कमी कुठे झाला, बाबा?"

"त्या इमारतीचा झाला."

"आणि तुम्हाला काहीच वाटत नाही?"

मी खरं तेच सांगितलं. "नाही वाटत. वाटायला पाहिजे, हे कळतं."

रविवारी तीच मला गाडीवर बसवून घेऊन गेली. मेसवाल्याकडून पत्ता तिने आधीच काढला होता. मलकपेठला बाजारामागे एका दुमजली घरावर पुन्हा पत्र्याचीच खोली होती, आधीपेक्षा लहान. बाई आम्हाला बघून उठली. मशीन अजून गाठोड्यात बांधलेलं होतं.

"तुम्ही लिहिलं म्हणून पाडलं म्हणतात," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता.

"हो. मी लिहिलं."

"खरं तेच लिहिलं ना?"

"खरं तेच."

"मग काय बोलावं." तिने गाठोडं सरकवून आम्हाला बसायला जागा केली. "पण लिहायच्या आधी एकदा सांगायचं तरी. तुम्ही पाणी पिऊन गेलात. मला फॉलला साड्या देणाऱ्या सगळ्या त्या गल्लीतल्याच होत्या."

मुलीने माझ्याकडे पाहिलं, मग बाईला म्हणाली, "ताई, इथला पत्रा रंगवला तर चालेल का?" घरमालकिणीला विचारायला ती स्वतःच खाली गेली. मालकीण म्हणाली, "हौ, रंगाओ. अपने पैसे से रंगाओ."

पुढच्या रविवारी सकाळी उन्हं चढायच्या आत आम्ही दोघं शिडी लावून वर गेलो. पांढऱ्या रंगाचे दोन हात दिले. बाई खालून बादली भरून देत होती, कुठे राहिलं ते सांगत होती. दुपारी मी बंदूक रोखली. पंचेचाळीस. बाई म्हणाली, "फरक हाय. पण कूलर तर लागंलच."

योजनेच्या कार्यालयाला मी एक पानभर पत्र लिहिलं. गच्चीवर माणसं राहत असतील तर खोल्या पाडून कमी केलेल्या विजेसाठी सवलत देऊ नये. त्यांचा पत्रा थंड केला तरच द्यावी. पत्र मिळाल्याची पोच आली. नियम अजून तोच आहे.

मी अजून तेच काम करतो. गच्चीवर कुणी राहत असलं तर आता आधी त्यांच्याशी बोलतो. काही जण सांगतात, लिहा. बरेच जण सांगतात, नका लिहू. तेव्हा मी काय करतो ते प्रत्येक वेळी एकच असतं असं नाही. मुलगी विचारते आणि मी तिला सांगतो. एकदा सांगता सांगता मला रडू आलं. ती उठली नाही, जवळही आली नाही. ताटातली भाकरी मोडत, मी पुढे बोलेन म्हणून थांबली.