धाकट्या मामीचं गुरगुरणारं मशीन

धाकट्या मामीला म्हणे माहेरच्या जमिनीत हिस्सा मिळाला. नाहीतर मोटारीचं शिलाई मशीन आलं कुठून? ही बातमी पसरवली मोठ्या मामीने, आणि ती थाप आहे हेही तिलाच पक्कं ठाऊक. धाकटीच्या माहेरची जमीन म्हणजे खिडकीतल्या कुंडीत मावेल तेवढी.

तरी मोठीला झोप लागेना. दोघींचे नवरे सख्खे भाऊ, एकाच आगारात ड्रायव्हर, पगार सारखा. दोघी एकाच दुकानासाठी शाळेचे गणवेश शिवतात. मोठी पायाने मशीन हाणून गुडघे धरून बसते, आणि भिंतीपलीकडून येतं गुर्रर्र! "मांजर पाळलंय जणू मेलीने!" त्यात दुकानदार म्हणाला, पुढच्या महिन्यापासून जी लवकर देईल तिलाच जास्त गठ्ठे.

शेवटी मोठीने विचारलंच, "काय गं, एवढे पैसे आणलेस कुठून?"

धाकटी बोलते ती तोंडात टाचण्या धरून. "काई नाई ओ ताई. मयन्याला एकच गोष्ट थोडी कमी करते. घरात कुणाला कळली तर परत होती तशी. नाई कळली, तर उरलेले पैसे डब्यात. तीन वर्षं झाली."

"बस, एवढंच?"

सोमवारी मोठीने दूध अर्धं केलं, तेल अर्धं केलं, साखर अर्धी केली, पंखा बंद. चौथ्या दिवशी मोठा मामा बाहेरून जेवून आला. "घरी पाण्याला फोडणी असणार म्हटलं!" मग रोजच बाहेर. त्या खर्चात महिनाअखेर होतं तेही गेलं.

"लपवतेय काहीतरी!" म्हणत मोठीने भाचीला, म्हणजे मला, तिकडे पिटाळलं. मी धाकटीशी सरळ पैजच लावली. या महिन्यात ती काय कमी करते ते मी पकडलं, तर रोज दुपारी मशीन मोठ्या मामीला. हरले, तर तिच्या टाचण्यांतल्या बोलण्याची मी सगळ्यांना करून दाखवते ती नक्कल महिनाभर बंद.

रोज चहाला जाऊन मी दिवे मोजले, डबे हुंगले. शेवटच्या दिवशी, मोठी दारात उभी असताना, छाती फुगवून म्हटलं, "साबण!"

"तो दोन वर्षांमागेच."

"मग?"

"तुझा चहा. चमचाभर साखरेची पाऊण चमचा केली. रोज दोन कप ढोसलेस, वर 'मामी, चहा असावा तर तुझ्या हातचा!'"

माझाच आवाज, हुबेहूब. तोही टाचण्यांमधून.

"अगं गाढवे, ती जीभ आहे की पायपुसणं?" मोठी कडाडली. मग माझा उष्टा कप उचलून तिने घोट घेतला, आणि कडू औषध प्यावं तसं तोंड करून म्हणाली, "गोडच आहे की गं."

दुसऱ्या दिवशी तिने माझ्यासमोर चहा ठेवला आणि टक लावून बसली. साखर कमी होती. मी म्हटलं, "वा!"