ओल्या काजूची बी

शेजारच्या काकींनी त्या दिवशी माझा हात वरच्या वर धरला, म्हणून माझ्या पोराचं तोंड वाचलं. हे आधी सांगते, मग बाकीचं.

आम्ही लातूरकडचे. नवरा चिऱ्याच्या खाणीवर कामाला, म्हणून इथं कोकणात, जामसंड्याला खोली घेतलेली. जवळ आपलं असं कुणी नाही. माझी शाळा सातवीत सुटली. पोर कसं वाढवायचं ते मी आमच्या गल्लीत बघून शिकले, आणि तिथं बघितला तो धपाटाच.

पोरगा दोन वर्षांचा. त्या सकाळी त्यानं पेज जमिनीवर ओतून तीत हात फिरवले, धुतलेल्या कपड्यांवर मुतला, आणि मी पुसायला वाकले तर दंडाला चावला. कुणी रागावलं की तो दात आवळतो, मग काही केल्या सोडत नाही.

दुपारी काकींच्या दारापुढच्या खळ्यात आम्ही दोघी ओल्या काजूच्या बिया चिरून गर काढत होतो. आमच्याकडं भुईमुगाच्या ढिगात पोरं लोळतात, कुणी बघतसुद्धा नाही. इथं तसं नाही. या बीच्या सालीतला चीक लागला की कातडी जळते. हाताला राख चोळूनही माझी बोटं सोलवटली होती. म्हणून पोराला मी लांब बसवलं होतं.

तो गप्प झाला तेव्हा मला बरंच वाटलं. घडीभर सुटका. मग काकींची सुरी थांबली.

"बी घातल्यान गो तोंडात."

राखेच्या टोपलीमागं तो कधी येऊन बसला कळलंच नाही. एक गाल फुगलेला, ओठांतून हिरवं टोक दिसत होतं. मी उठले, हात उगारलाच. त्याचा जबडा आवळत जाताना मला दिसला.

काकींनी मनगट धरलं. "बस खाली. बोंब मारू नको. बी भायर पडांदे, मगे रागाव."

ओली बी मऊ असते. एक दात रुतला की चीक थेट जिभेवर. मी बसले.

काकी त्याच्यासमोर मांडी घालून बसल्या. "काय रे झिला, कोणाचा तोंड मोठा, तुझा काय माझा? बघूया." त्यांनी आ केला. त्यानं मूठभर राख घेतली आणि त्या उघड्या तोंडावर फेकली. काकी खोकल्या, डोळे पुसले, पुन्हा आ केला. त्यानं पुन्हा फेकली. मी तोंडात पदर कोंबून बघत होते.

"बरो आसस मा," काकी म्हणाल्या, "म्हातारेक पावडर लावतस?"

तो हसला. बी दातांवर आली, आणि तोंड पुन्हा मिटलं. काकींनी घाई केली नाही. जीभ काढून दाखवली, आणि तशाच थांबल्या. किती वेळ, देवाला ठाऊक. शेवटी त्यानंही जीभ काढली, आणि लाळेसकट बी त्यांच्या तळहातावर पडली.

सालीवर दाताची खूण होती. आत गेलेली नव्हती.

ओठाच्या कडेला काळा डाग पडला तेवढाच. काकींनी खोबरेल लावलं. तो आजही तसाच सांडतो, तसाच चावतो. गप्प झाला की मी हातातलं टाकून आधी त्याचं तोंड बघते. पण हात खाली राहतो.

हल्ली काकींच्या हातून ताट निसटतं, एकच गोष्ट त्या पुन्हा पुन्हा विचारतात. त्यांची माणसं लांब आहेत. उद्या खाण बंद झाली तर आम्हीही कुठं असू, माहीत नाही. पण काकी, ज्या दिवशी तुम्ही घास थुंकाल, माझ्यावर हात उगाराल, त्या दिवशी मी असेन तिथून येईन आणि तुमच्यासमोर मांडी घालून बसेन. घाई करणार नाही.